लहान तोंडीं मोठा घास

मराठी घरांत मूल बोलूं लागलें कीं जे उपदेश त्याच्या कानांवर वारंवार पडतात, त्यांत लहान तोंडीं मोठा घास घेऊं नये हा एक असतोच. विनयाचा संस्कार म्हणून तो चांगलाच आहे. परंतु जेथें चौघांच्या हातून एकच काम व्हावयाचें असतें, तेथें हाच संस्कार प्रसंगीं प्राणघातक ठरतो. आणि ही गोष्ट विमानविद्येनें गेल्या अर्धशतकांत फार मोठी किंमत देऊन शिकून घेतली आहे.

इतरांबरोबर काम करतां येणें हा केवळ स्वभावाचा गुण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमका मनमिळाऊ म्हणून त्याचें सर्वांशीं जमतें, तमका तिरसट म्हणून त्याचें कोणाशींच पटत नाहीं, एवढ्यावर विचार थांबतो. पोहण्याप्रमाणें किंवा तबलावादनाप्रमाणें हीहि एक विद्या आहे, ती शिकवितां येते आणि सरावानें अंगीं बाणते, हें फारसें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. वैमानिकांच्या ध्यानीं तें कसें आलें, तें पाहण्यासारखें आहे.

२७ मार्च १९७७ रोजीं अटलांटिक महासागरांतील टेनेरिफ बेटावर दोन प्रचंड बोइंग ७४७ विमानें खोळंबून राहिलीं होतीं. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बाँबस्फोट झाल्यामुळें अनेक विमानें या लहानशा तळाकडे वळविण्यांत आलीं होतीं. दुपारीं दाट धुकें उतरलें. डच विमान धांवपट्टीच्या एका टोकाला उड्डाणाच्या तयारींत उभें होतें आणि अमेरिकन विमान त्याच पट्टीवरून सावकाश सरकत होतें. दोघांना एकमेकांचें दर्शन होत नव्हतें, आणि नियंत्रण-मनोऱ्यालाहि तीं दिसत नव्हतीं. डच विमानाचा मुख्य वैमानिक आपल्या कंपनींतील नामांकित शिक्षक होता. सहवैमानिक त्या जातीच्या विमानावर नवखा होता. परवानगी येण्यापूर्वींच मुख्य वैमानिकानें विमान हांकण्यास आरंभ केला, तेव्हां सहवैमानिकानें एकदां त्याला सावध केलें. दुसऱ्या वेळीं मात्र तो स्पष्टपणें आडवा आला नाहीं. विमान धांवूं लागल्यावर, यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या तिसऱ्या सहकाऱ्यानें अमेरिकन विमान अजून पट्टीवरच तर नाहीं ना, अशी शंका काढली. शंका अगदीं खरी होती. वरिष्ठानें ती ठासून झिडकारली आणि विचारणारा गप्प बसला. कांहीं क्षणांतच टक्कर होऊन ५८३ माणसें प्राणांस मुकलीं. विमानवाहतुकीच्या इतिहासांत एवढी प्राणहानि दुसऱ्या कोणत्याहि अपघातांत झालेली नाहीं.

पुढच्याच वर्षीं, २८ डिसेंबर १९७८ रोजीं, अमेरिकेंतील पोर्टलंड शहरांत एक विमान इंधन संपून कोसळलें. चाकें नीट उघडलीं आहेत कीं नाहींत या विवंचनेंत मुख्य वैमानिक सुमारें तासभर घिरट्या घालीत राहिला. इंधन आटत चाललें आहे हें सहकाऱ्यांना कळत होतें. परंतु आतां उतरलेंच पाहिजे, असें खणखणीत शब्दांत कोणीहि म्हणालें नाहीं. विमानांतील १८९ जणांपैकीं १० दगावले. वरिष्ठानें हाताखालच्यांना बोलतें करावें आणि कनिष्ठांनीं निर्भीडपणें बोलावें, याचें शिक्षण वैमानिकांना दिलें पाहिजे, अशी शिफारस चौकशीअंतीं झाली. १९७९ मध्यें 'नासा' या अमेरिकन संस्थेनें या विषयावर परिषद भरविली, आणि १९८१ मध्यें अपघातग्रस्त विमानाच्याच कंपनीनें असें शिक्षण रीतसर सुरू केलें. पुढें तें जगभर वैमानिकांच्या शिक्षणाचा भाग बनलें.

या शिक्षणांत गोड बोलण्याचे धडे नसतात. शंका बोलून दाखविण्याची एक ठरीव रीत कनिष्ठाला शिकविली जाते. प्रथम वरिष्ठाला हांक मारून त्याचें लक्ष वेधावयाचें; मग काळजी वाटते असें उघड म्हणावयाचें; नंतर वस्तुस्थिति सांगावयाची; तीवर उपाय सुचवावयाचा; आणि शेवटीं संमति विचारावयाची. "इंधन जरा कमीच दिसतें, नाहीं का?" ही झाली कुजबुज. "कॅप्टनसाहेब, मला काळजी वाटते. इंधन पंधरा मिनिटांचें उरलें आहे. आतांच उतरावें असें माझें मत आहे. आपली संमति आहे ना?" हें झालें बोलणें. पहिल्या वाक्यांत विनय आहे, पण निरोप नाहीं. दुसऱ्या बोलण्यांत दोन्ही आहेत.

ऐकणें हीहि शिकण्याचीच गोष्ट. मिळालेली सूचना ऐकणाऱ्यानें उलट म्हणून दाखवावयाची, म्हणजे गैरसमज जागच्या जागीं उघडा पडतो. टेनेरिफच्या अपघातानंतर तर 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची परवानगी देतांना किंवा ती मागें घेतांनाच वापरावा, इतर वेळीं नाहीं, असा दंडक घालण्यांत आला.

वरिष्ठाचा धडा मात्र अधिक अवघड आहे. मुख्यानें प्रथम मत दिलें कीं बाकीचे माना डोलावतात. म्हणून त्यानें आधीं विचारावें आणि आपलें मत शेवटीं सांगावें. कोणाची शंका खोटी ठरली तरी त्याचे आभार मानावे, नाहींतर पुढच्या खेपेस तो खरी शंकाहि गिळून टाकील. यानें अधिकार कमी होत नाहीं. निर्णय मुख्याचाच राहतो. फक्त तो एका डोळ्याऐवजीं आठ डोळ्यांनीं पाहून घेतला जातो.

याचा प्रत्यय १९ जुलै १९८९ रोजीं आला. डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या विमानाचें शेपटाकडील इंजिन फुटलें आणि सुकाणूं हलविणाऱ्या तिन्ही द्रव-यंत्रणा निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स यांनीं सर्व कांहीं एकट्यानें करण्याचा हट्ट धरला नाहीं. प्रवासी म्हणून बसलेले वैमानिक-शिक्षक डेनी फिच मदतीस आले, तेव्हां त्यांच्या हातीं उरलेल्या दोन इंजिनांचे दट्टे देण्यांत आले. चौघांनीं मिळून तें विमान सू सिटीच्या धांवपट्टीपर्यंत आणलें. उतरतांना तें मोडून पेटलें, ११२ जण दगावले. पण २९६ पैकीं १८४ जण वांचले. याचें श्रेय हेन्स यांनीं या शिक्षणालाहि दिलें.

हीच विद्या पुढें शस्त्रक्रियागृहांत गेली. मूळच्या विदर्भांतील कुटुंबांत जन्मलेले अमेरिकन शस्त्रवैद्य अतुल गवांदे यांच्या पुढाकारानें जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ मध्यें १९ कलमांची एक तपासणी-यादी सिद्ध केली. छेद देण्यापूर्वीं डॉक्टर, परिचारिका, भूल देणारे, सर्वांनीं आपलें नांव व काम सांगावें, असें तींत एक कलम आहे. एकदां नांव उच्चारलेल्या माणसाला पुढें तोंड उघडणें सोपें जातें, हें त्यांतील मर्म. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हां शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ वरून ०.८ वर आलें. उलट कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतांत ती सर्वत्र सुरू केल्यावर लक्षांत येण्याजोगा फरक पडला नाहीं, असें २०१४ मध्यें प्रसिद्ध झालें. कागदावर खुणा केल्यानें माणसें बोलतीं होतातच असें नाहीं. बोलणें आणि ऐकून घेणें यांचा सराव रोजच व्हावा लागतो.

हा सराव कचेरींत होतो, मंडळाच्या बैठकींत होतो आणि घरांतहि होतो. आजाऱ्याला औषध दोनदां दिलें गेलें, हें घरांतल्या धाकट्या मुलीनेंच पाहिलेलें असतें. तें सांगण्याचें धैर्य तिला होईल कीं नाहीं, हें तिच्या आधींच्या शंकांना घरानें काय उत्तर दिलें होतें, त्यावर ठरतें. तोंड लहान कीं मोठें, हें मागाहून पाहतां येतें. घास खरा आहे कीं नाहीं, हें मात्र वेळींच पाहावें लागतें.