मैदानावरच्या लेकीला घराचा आधार

आठवीतली मुलगी शाळेच्या मैदानावर वाऱ्यासारखी पळते, तालुक्याला नंबर काढते, आणि दहावी झाली की तिचा खेळ बंद होतो. करमाळा-माढ्याच्या उजनीकाठच्या गावांत अशी एखादी मुलगी तुमच्याही भावकीत असेल. "खेळून का पोट भरतंय?" असे आपण म्हणतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात सापडते.

धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, सारिका काळे तेराव्या वर्षी खो-खो खेळू लागल्या. घरी ओढाताण होती. आई शिवणकाम करून संसाराला हातभार लावी. जवळजवळ दहा वर्षे आपण एकवेळच्या जेवणावर काढली, चांगले खायला मिळे ते शिबिरात किंवा सामन्याला गेल्यावरच, असे त्यांनीच पुढे सांगितले. २०१६ साली तर पैशाच्या अडचणीने त्यांनी खेळ सोडायचे ठरवले होते. प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांनी समजूत घातली आणि त्या पुन्हा मैदानात उतरल्या. त्याच २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान २२ वर्षांनी लाभला. त्या वेळी त्या तुळजापूरला शासनाच्या क्रीडा अधिकारी होत्या.

पुढे १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे हीही महाराष्ट्राचीच.

बास्केटबॉलला पक्के मैदान आणि दहा फुटांवरची कडी लागते. खो-खोला दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि आपली माती पुरते. तेव्हा मायबापहो, अडचण साहित्याची नाही, घरच्या आधाराची आहे.

तो आधार कसा द्यावा? सगळे दूध डेअरीला घालताना पेलाभर लेकीसाठी राखा. भाकरीबरोबर डाळ, मूठभर शेंगदाणे आणि गूळ तिच्या ताटात पडू द्या. स्पर्धेचे प्रत्येक प्रमाणपत्र पिशवीत घालून सातबाऱ्यासारखे जपा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंना ५ टक्के जागा राखीव आहेत, पण प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून व्हावी लागते. कोणत्या स्पर्धेतील कोणत्या क्रमांकाला कोणती जागा मिळते, हे सोलापूरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. नोकरीला शिक्षणाची अटही असतेच, म्हणून खेळाच्या जोडीने कॉलेजही चालू ठेवा.

प्रत्येक मुलगी देशासाठी खेळेलच असे नाही. पण खुरपणीला एक दिवस एक हात कमी पडला तर पीक बुडत नाही. जिल्ह्याच्या सामन्याला मात्र तिला जाऊ द्या.