विश्लेषण : ‘चेक इंजिन’चा दिवा लागला, पण बिघाड नेमका कुठे?

पावसाळ्यात सायन-पनवेल महामार्गावर साचलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि दोन दिवसांनी डॅशबोर्डवर इंजिनच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की गॅरेज गाठावेच लागते. मेकॅनिक स्कॅनर जोडतो, कोड वाचतो आणि ‘सेन्सर गेला’ म्हणत काही हजारांचे बिल हाती ठेवतो. आठवड्याने दिवा पुन्हा हजर! अशा वेळी स्कॅनर बहुधा खोटे बोललेला नसतो. त्याच्या बोलण्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो.

कोड येतो कुठून?

इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, सेन्सरकडून सतत आकडे घेत असतो. आकडा मर्यादेबाहेर गेला की तो कोड नोंदवतो. बऱ्याच दोषांत लागोपाठच्या दोन फेऱ्यांत तीच गडबड दिसली तरच दिवा लागतो. ही ओबीडी-२ पद्धत अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना सक्तीची झाली, भारतात २०१३ पासून. स्टिअरिंगच्या खाली असलेले १६ पिनांचे सॉकेट त्यासाठीच आहे. मूळ हेतू प्रदूषणावर नजर ठेवण्याचा असल्याने गाडी झकास पळत असतानाही दिवा लागू शकतो.

सेन्सर की निरोप्या?

उदाहरणार्थ ‘पी ०१७१’. यातील ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरची यंत्रणा आणि त्यापुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असलेला कोड. अर्थ इतकाच, की इंधनाच्या मानाने हवा जास्त होते आहे. कारण फाटलेला होज पाइप, मळलेला हवेचा सेन्सर, अशक्त फ्युएल पंप यांपैकी काहीही असू शकते. बदलला मात्र जातो ऑक्सिजन सेन्सर, ज्याने फक्त निरोप पोहोचवला! बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत किटची जुळवणी बिघडली तरी हाच कोड येतो. काही दिवस फक्त पेट्रोलवर गाडी चालवून कोड परततो का, हे पाहणे ही त्यावरची बिनखर्चाची चाचणी.

‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट पेटत नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल असेल, तर चांगला मेकॅनिक लगेच नवी कॉइल मागवत नाही. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहतो. कोड ‘पी ०३०२’ झाला तर दोष कॉइलचाच. तसाच राहिला तर स्पार्क प्लग, इंजेक्टर, वायरिंग तपासायचे. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये शिरलेली ओल आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हेही नेहमीचे संशयित.

लुकलुकणारा दिवा वेगळा

दिवा स्थिर असेल, गाडी नीट चालत असेल आणि तापमान व ऑइलचे इशारे नसतील, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकत असेल तर तीव्र मिसफायर सुरू आहे. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि महागडा कन्व्हर्टर निकामी होतो. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन टो करणेच स्वस्त. भुयारी मार्गातील पाण्यात गाडी बंद पडली असेल, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि त्यापुढे कोडचा प्रश्नच उरत नाही.

कोड पुसण्यापूर्वी

बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा उपाय अनेक जण करतात. पण त्याबरोबर ‘फ्रीझ फ्रेम’ही पुसली जाऊ शकते. दोष आला तेव्हाचा वेग, इंजिनचे फेरे, तापमान, भार यांची ती नोंद असते. दोष इंजिन थंड असताना येतो की चढावर, हे तिच्यावरूनच कळते. त्यामुळे स्कॅनर जोडल्यावर आधी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा, मग कोणता भाग कोणत्या चाचणीनंतर बदलणार हे विचारावे. दोष खरोखर दूर झाला असेल, तर साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपणहून विझतो.