जुन्या ओम्नीचा गिअर अडतोय? गिअरबॉक्स खोलण्याआधी हे तपासा
देवपुरातून शाळेची मुलं घेऊन निघालात, पांझरेच्या पुलाआधीच्या गर्दीत ओम्नीचा पहिला गिअर पडेना. मागून हॉर्न, आणि डोक्यात गिअरबॉक्सचा खर्च. थांबा! ओम्नीचं उत्पादन 2019 मध्येच बंद झालं, म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक ओम्नी आता जुनीच. अशा गाडीत दोष बरेचदा क्लचचा निघतो.

ओळखायचं कसं? सपाट जागी हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा आणि गिअर टाकून बघा. बंद गाडीत सगळे गिअर अलगद पडतात, पण सुरू केल्यावर क्लच पूर्ण दाबूनही करकरतात? मग क्लच नीट सुटत नाहीये. आधी क्लच वायर बघा. सैल झाली असेल तर ॲडजस्ट होते, तार उसवली असेल तर बदलावी लागते. दोन्ही कामं छोटी आहेत. बंद गाडीतही गिअर घट्टच लागत असेल, तर लिव्हरची जोडणी तपासायला सांगा.

लळिंग घाट चढताना इंजिन ओरडतंय, पण गाडी वेग घेत नाही, तर क्लच प्लेट झिजलेली असू शकते. चालत्या गाडीत गिअर आपोआप निसटत असेल आणि लिव्हरची जोडणी ठीक असेल, तर मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागेल. तोवर त्या गाडीत मुलं बसवू नका.