मधल्या फळीतला दोतोर

गोव्यातल्या जुन्या घरांतून डॉक्टरला आजही 'दोतोर' म्हणतात. घरात कुणाला ताप भरला, की 'दोतोराक आपय' ही हाक आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पोर्तुगीज गेले, पण त्यांचे जे शब्द माजघरापर्यंत पोहोचले होते ते राहिले. त्यांपैकी हा एक. हाच शब्द, उच्चाराच्या थोड्या फरकाने, अटलांटिक महासागराच्या पलीकडे ब्राझीलमध्येही चालतो. आणि १९८०च्या सुमारास तेथील साओ पावलो शहरात, हजारो प्रेक्षकांनी भरलेल्या क्रीडांगणावर, तो एका फुटबॉलपटूसाठी उच्चारला जात असे. त्याला 'दोतोर' म्हणत, ते कौतुकाने दिलेले टोपणनाव नव्हे. त्याच्यापाशी वैद्यकशास्त्राची रीतसर पदवी होती.

त्याचे नाव सोक्रातिस. आपण ज्याला सॉक्रेटिस म्हणतो त्या ग्रीक तत्त्वज्ञाचेच हे नाव. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी ब्राझीलच्या उत्तरेकडील बेलेम शहरी त्याचा जन्म झाला. वडील रायमुंदो हे स्वतःच्या कष्टाने शिकलेले, वाचनाचे विलक्षण वेड असलेले गृहस्थ. ग्रीक ग्रंथांचा छंद लागला त्या काळात जे मुलगे झाले त्यांची नावे त्यांनी सोक्रातिस, सोस्तेनिस आणि सोफोक्लिस अशी ठेवली. पुढच्या मुलांच्या वेळी बहुधा घरच्या मंडळींनी हरकत घेतली असावी, कारण सर्वांत धाकट्याचे नाव नुसते राई! हा राईही पुढे नामवंत फुटबॉलपटू झाला आणि १९९४ साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. थोरल्या भावाच्या हाती तो चषक कधी लागला नाही.

१९६४ साली ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. सोक्रातिस तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांनी एके दिवशी आपल्या संग्रहातील, नव्या राज्यकर्त्यांना खुपतील अशी पुस्तके काढली आणि ती जाळून टाकली. ज्या माणसाने पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ जमवले, तोच ते आगीत घालतो आहे, हे मुलाने पाहिले. पुढे आयुष्यभर तो या प्रसंगाविषयी बोलत असे. सालाझारच्या अमदानीत घरात एखादे आक्षेपार्ह पत्रक सापडणे म्हणजे काय, हे आमच्याकडील वडीलधाऱ्या मंडळींनी अनुभवले आहे. त्यांना ही हकीकत निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

कुटुंब साओ पावलो प्रांतातील रिबेराव प्रेतो या गावी स्थायिक झाले होते. तेथेच सोक्रातिस वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ लागला, आणि तेथल्याच बोताफोगो क्लबातून खेळूही लागला. सकाळी रुग्णालय, सायंकाळी मैदान. वर्ग आणि सराव एकाच वेळी आले की सराव बुडे, वर्ग बुडत नसे. पदवी पदरात पडेपर्यंत मोठ्या क्लबांच्या मागण्यांना त्याने दाद दिली नाही. १९७८ साली तो साओ पावलोच्या कोरिंथियन्स क्लबात दाखल झाला, तेव्हा त्याचे वय चोवीस होते. या धंद्यात चोविशी म्हणजे काही कोवळे वय नव्हे.

फुटबॉल ज्यांच्या अंगणात खेळला जात नाही, अशाही घरांतून आमचे मासिक जाते; त्यांच्यासाठी दोन शब्द. पुढच्या फळीतले खेळाडू गोल करतात, मागच्या फळीतले गोल होऊ देत नाहीत. या दोहोंना जोडणारी ती मधली फळी. लग्नघरात ज्याचे नाव पत्रिकेत नसते पण कोठीच्या किल्ल्या ज्याच्या कनवटीला असतात, तसा हा माणूस. कोणाला, केव्हा आणि किती द्यायचे, हे तो ठरवतो. सोक्रातिसची उंची सहा फूट चार इंचांच्या घरात. अंगाने किडकिडीत, पाय लांबलचक आणि त्या मानाने पावले लहान. अशा देहाला चटकन वळणे जड जाते. त्यावर त्याने तोड काढली ती ही, की वळायचेच नाही. पाठ फिरलेली असतानाच टाचेने चेंडू मागे सारायचा, तो नेमका सहकाऱ्याच्या पायाशी जाई. धावपळ कमी, विचार अधिक. गोल झाला तरी उड्या मारणे नाही. उजवी मूठ वर उचलून क्षणभर स्तब्ध उभे राहायचे, एवढेच. कोरिंथियन्ससाठी तो तीनशेच्या आसपास सामने खेळला आणि त्यांत त्याने पावणेदोनशेच्या जवळपास गोल केले. मधल्या फळीतल्या खेळाडूला हा आकडा थोर आहे.

पण केवळ गोलांसाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला नसता. ब्राझीलमध्ये त्या काळी फुटबॉलपटू म्हणजे हजारोंच्या गळ्यातला ताईत आणि क्लबाचा वेठबिगार, दोन्ही एकाच वेळी. सामन्याआधी एकदोन दिवस खेळाडूंना, बायकामुले असलेल्यांनाही, हॉटेलात किंवा छावणीत नजरेखाली ठेवण्याची तेथे चाल होती. कोणी केव्हा जेवावे, केव्हा निजावे, सारे वरून ठरे. १९८१ साली कोरिंथियन्सची कामगिरी फार खालावली. वाल्देमार पिरेस हे अध्यक्ष झाले होते. त्यांनी फुटबॉल विभागाची सूत्रे आदिल्सन मोंतेरो आल्विस या तरुण समाजशास्त्रज्ञाकडे दिली. या गृहस्थांना खेळाचा अनुभव नव्हता. तेव्हा त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून तुम्हाला काय वाटते, असा साधा प्रश्न विचारला. हा प्रश्न त्या खेळाडूंना आजवर कोणी विचारलाच नव्हता.

त्यातून जे उभे राहिले ते 'कोरिंथियन्सची लोकशाही' या नावाने इतिहासात नोंदले गेले आहे. सोक्रातिस, डाव्या बगलेचा बचावपटू व्लादिमीर आणि विशीही न उलटलेला कासाग्रांदे हे तिचे आधारस्तंभ. सरावाची वेळ, प्रवासाची व्यवस्था, नवा खेळाडू घ्यावा की नाही, सामन्याआधीचा तो बंदिवास ठेवावा की नाही, साऱ्यांवर मतदान होई. राष्ट्रीय संघाच्या कर्णधाराला एक मत, राखीव खेळाडूला एक मत, आणि अंगाला तेल चोळणाऱ्या किंवा बूट सांभाळणाऱ्या माणसालाही एकच मत. ज्या देशात राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क नागरिकांना नव्हता, तेथे हे चालले होते.

सारेच गोड होते असे मात्र नाही. संघात आलेला नामांकित गोलरक्षक लेयाव याला हा प्रकार मुळीच रुचला नाही आणि त्याने तसे उघड बोलून दाखवले. मत प्रत्येकाचे एकच असले तरी बोलणाऱ्यांचा शब्द अधिक चाले, चारदोघे आपल्याला हवे ते बहुमताने करून घेतात, ही तक्रारही झाली. आम्हास ती सर्वस्वी खोटी वाटत नाही. आपल्या मंडळांच्या वार्षिक सभांना जे नेमाने हजर राहतात, त्यांनाही ती ओळखीची वाटेल. तथापि संघ जिंकत होता, हेही खरे. १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षे कोरिंथियन्सने साओ पावलो प्रांताचे अजिंक्यपद मिळवले.

१९८२च्या नोव्हेंबरात प्रांतांच्या राज्यपालपदासाठी बऱ्याच वर्षांनी थेट निवडणूक होणार होती. कोरिंथियन्सचे खेळाडू पाठीवर '१५ तारखेस मतदान करा' असा मजकूर मिरवीत मैदानात उतरले. कोणत्या पक्षाला, ते लिहिले नव्हते. तेव्हा सरकारला धड आक्षेपही घेता येईना. पुढल्या वर्षीच्या अंतिम सामन्यापूर्वी संघाने एक लांबलचक फलक प्रेक्षकांपुढे धरला. त्यावरील शब्दांचा अर्थ असा होता : जिंकू वा हरू, पण सदैव लोकशाहीसह.

हरण्याचा अनुभव त्याला थोडाथोडका नव्हता. त्याच १९८२ साली स्पेनमध्ये झालेल्या विश्वचषक स्पर्धेत सोक्रातिस ब्राझीलचा कर्णधार होता. तेले सांताना हे मार्गदर्शक; झिको, फाल्काव, सेरेझो यांच्यासारखे सोबती. ती मधली फळी ज्यांनी पाहिली त्यांना पुढे दुसऱ्या कोणत्याही संघाचे सहजासहजी कौतुक वाटले नाही. सिगारेटची सवय असलेल्या या डॉक्टराने स्पर्धेसाठी ती सोडली आणि कधी नव्हे ती कसून मेहनत केली. रशियाविरुद्ध पहिल्याच सामन्यात संघ मागे पडला असता त्याने दोघांना चकवून दुरून गोल मारला व बरोबरी साधली. एदरने शेवटी विजय मिळवून दिला. स्कॉटलंडला चार, न्यूझीलंडला चार, अर्जेंटिनाला तीन गोल. मग ५ जुलै रोजी बार्सिलोनात इटलीशी गाठ पडली. ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. पाओलो रॉसीने गोल केला, सोक्रातिसने झिकोच्या पासवर झॉफ आणि खांब यांच्या मधल्या अरुंद फटीतून तो फेडला. रॉसीने पुन्हा केला, फाल्कावने फेडला. बरोबरी झाल्यावर शहाणा संघ मागे सरून दार लावून घेतो. ब्राझीलने लावले नाही, आणि रॉसीने तिसरा गोल केला. ३–२. इटलीने पुढे चषकही जिंकला. त्या दिवशी दार लावून घ्यायला हवे होते की नाही, यावर ब्राझीलमध्ये अजून वाद चालतो. आमचे मत विचाराल तर, लावायला हवे होते. पण मग आम्ही आज त्या संघाविषयी लिहीत नसतो, हेही तितकेच खरे.

याहून मोठी हार १९८४ साली आली. राष्ट्राध्यक्षाची निवड थेट जनतेने करावी, आत्ताच करावी, या मागणीसाठी त्या वर्षी साऱ्या ब्राझीलभर सभा झाल्या. १६ एप्रिलला साओ पावलोत जी सभा भरली तिला दहा लाखांहून अधिक माणसे होती, असे तेव्हा सांगितले गेले. या चळवळीच्या सभांचे सूत्रसंचालन करीत ते ओस्मार सांतोस, रेडिओवरून फुटबॉलचे धावते वर्णन करणारे लोकप्रिय निवेदक. इटलीच्या क्लबांकडून सोक्रातिसला बोलावणे होते. पैसा इतका की ब्राझीलमध्ये तो कोणी देऊ शकला नसता. घरी बायकामुले होती, वय तिशीला टेकलेले होते. फुटबॉलपटूच्या हातातून अशी संधी एकदा गेली की परत येत नाही. त्याने जनसमुदायापुढे जाहीर केले, की घटनादुरुस्ती मंजूर झाली तर मी देश सोडणार नाही.

२५ एप्रिलला प्रतिनिधिगृहात मतदान झाले. दुरुस्तीच्या बाजूने २९८ मते पडली. आवश्यक होती ३२०. बावीस मते कमी पडली; शंभरावर सभासद तर सभागृहात फिरकलेच नाहीत. सोक्रातिस इटलीला गेला.

फ्लोरेन्सच्या फियोरेंतिना क्लबात तो एकच हंगाम टिकला. ग्राम्शीचे लेखन मूळ इटालियनमध्ये वाचायचे आहे, असे त्याने आल्या आल्या सांगितले म्हणतात. क्लबाच्या चालकांना यापेक्षा गोलांची चिंता होती. थंडी, कडक शिस्त, आणि मत विचारण्याची पद्धतच नसलेला संघ. इकडे कोरिंथियन्समध्ये १९८५ची क्लबची निवडणूक आल्विस हरले आणि ती लोकशाहीही संपली. ती संपली मतदानानेच, हे नमूद केले पाहिजे.

१९८६च्या मेक्सिकोतील विश्वचषकात आपल्यापैकी अनेकांनी त्याला दूरदर्शनवर पाहिले असेल. दाढी, आणि कपाळाला बांधलेली पांढरी पट्टी. आदल्या वर्षीच्या भूकंपात हजारो माणसे गमावलेल्या त्या देशासाठी 'मेक्सिको अजून उभा आहे' असे त्या पट्टीवर लिहिलेले होते. उपांत्यपूर्व सामन्यात फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टीवर आला. सोक्रातिस न धावता, जागच्या जागी एखादे पाऊल टाकून पेनल्टी मारीत असे. पोलंडविरुद्ध तसाच गोल त्याने केला होता. यावेळी फ्रेंच गोलरक्षक बात्सने चेंडू अडवला. फ्रान्सतर्फे प्लातिनीही चुकला, पण ब्राझील हरलेच. देशासाठी ६० सामने आणि २२ गोल एवढ्यावर त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली. मग फ्लामेंगो, सांतोस, आणि अखेर आपल्या गावचा बोताफोगो. १९८९ साली त्याने व्यावसायिक खेळ सोडला. त्याच वर्षी ब्राझीलच्या जनतेने कित्येक वर्षांनी प्रथमच आपला राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडला.

पुढे रिबेराव प्रेतोत त्याने डॉक्टरकी केली, वृत्तपत्रांत सदरे लिहिली, आणि २००४ साली, वयाच्या पन्नाशीत, इंग्लंडमधील गारफर्थ या लहानशा गावच्या संघातून दहाबारा मिनिटे खेळूनही घेतले. पण दारू सुटली नाही. आपल्या यकृताचे काय होत आहे हे रुग्णाला सांगण्याची विद्या ज्याच्यापाशी होती, त्याने स्वतःला ते सांगितले नाही, किंवा सांगून ऐकले नाही. पुस्तकात रमणाऱ्या आणि न्यायासाठी भांडणाऱ्या माणसाचे हे असे होताना आम्ही आमच्या ओळखीच्या घरांतूनही पाहिले आहे. म्हणून त्यावर पांघरूण घालावेसे वाटत नाही. २०११च्या ऑगस्टपासून रुग्णालयाच्या वाऱ्या सुरू झाल्या. ४ डिसेंबरच्या पहाटे साओ पावलोत तो निवर्तला. वय सत्तावन्न.

तो रविवार होता. त्याच दिवशी पाकायेंबू मैदानावर कोरिंथियन्सचा पाल्मेइरासशी हंगामातला शेवटचा सामना होता, आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाचा निकाल त्यावर अवलंबून होता. खेळ सुरू होण्यापूर्वी कोरिंथियन्सचे खेळाडू मैदानाच्या मध्यवर्तुळाभोवती उभे राहिले आणि सर्वांनी उजवी मूठ वर उचलली. प्रेक्षकांतही तशाच मुठी उभ्या राहिल्या. सामना गोलाविना बरोबरीत सुटला. तेवढे पुरेसे होते, आणि अजिंक्यपद कोरिंथियन्सला मिळाले.