सशाच्या पिल्लांचा रंग : घाई नको





शाळेच्या मागील अंगणातील पिंजऱ्यात यंदाच्या हिवाळ्यात सशाची सात पिल्ले जन्मली. त्यांपैकी एक दुसऱ्या रात्री दगावले, सहा उत्तम वाढत आहेत. आई राखाडी रंगाची आहे. बाप पांढरा, पण त्याचे कान, नाक, पाय व शेपटी काळी आहे. पिल्लांना धड लवही फुटलेली नव्हती, तेव्हापासूनच पुष्कळ पालक "पांढरे पिल्लू आमच्यासाठी ठेवा" असे सांगून गेले. काळ्या पिल्लाची चौकशी मात्र कोणी केली नाही. म्हणून या अंकात पिल्लांची निगा आणि त्यांचा रंग कसा उमटतो, याविषयी थोडी माहिती देत आहे.

रानातला ससा वेगळा

मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण शेतात व माळावर दिसणारा ससा आणि पाळीव ससा या दोन वेगळ्या जाती आहेत. रानसशाचे पिल्लू जन्मतःच केसाळ असते आणि त्याचे डोळे उघडे असतात. पाळीव ससा मूळचा युरोपातील, बिळात राहणारा. त्याची पिल्ले उघडी-नागडी, डोळे मिटलेली व बहिरी जन्मतात. रानससा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार संरक्षित आहे. म्हणून रानात सापडलेले पिल्लू कोणीही घरी आणू नये.

पहिले पंधरा दिवस

मादी साधारण 31 दिवसांनी विते. त्याआधी ती आपल्या छातीचे व पोटाचे केस उपटून गवताच्या घरट्यात पसरते. हेच पिल्लांचे पांघरूण. जन्मावेळी आपले प्रत्येक पिल्लू सुमारे 50 ग्रॅमचे होते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब राखता येत नाही, आणि सर्वांत जास्त पिल्ले याच काळात दगावतात. घरट्याबाहेर पडलेले पिल्लू थंडीत काही तासही तग धरत नाही. असे पिल्लू दिसले तर त्याला आधी हाताच्या उबेने गरम करावे व मग घरट्यात ठेवावे. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध घालू नये.

मुले नेहमी विचारतात, "सर, आई पिल्लांजवळ का बसत नाही? तिने त्यांना टाकून दिले का?" नाही. सशाची आई दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीन ते पाच मिनिटे दूध पाजते आणि दूर निघून जाते. रानात तिच्या वासावर शत्रू बिळापर्यंत येऊ नये, म्हणून निसर्गाने ही रीत लावून दिली आहे. तिचे दूध गाईच्या दुधापेक्षा फार दाट असते. त्यात स्निग्धांश व प्रथिने तिपटीच्या आसपास असतात, म्हणून एकदाचे पाजणे पुरते. पिल्लाचे पोट गोल व ताणलेले दिसले की ते पोटभर प्यायले असे समजावे. कातडी सुरकुतलेली असेल तर ते उपाशी आहे. दयेपोटी गाईचे दूध पाजणारे पिल्लाचे नुकसानच करतात.

"माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते" हा समजही पाळीव सशांच्या बाबतीत बरोबर नाही. स्वच्छ हातांनी दिवसातून एकदा घरटे तपासणे आवश्यकच आहे, कारण मेलेले पिल्लू आत राहिले तर इतरांना धोका होतो. हे काम आपल्याकडे विज्ञान शिक्षकांच्या देखरेखीखाली कक्षा 8 वीचे दोन विद्यार्थी करतात. बाकीच्यांनी बाहेरून पाहावे.

रंग कसा उमटतो?

पहिल्या दिवशी केस नसतात, पण कातडी बरेच सांगते. आपल्या सहांपैकी एक पिल्लू सर्वांगाने काळपट होते. दोघांची पाठ काळपट, पण पोट व कानांची आतली बाजू फिकी होती. उरलेली तीन गुलाबी होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मखमलीसारखी लव आली आणि आठ-दहा दिवसांत अंग केसांनी झाकले. मग दोन पिल्लांच्या पाठीवर हळूच फुंकर मारली, तेव्हा एकाच केसावर तीन पट्टे दिसले. मुळाशी पाटी-रंग, मध्ये बदामी, टोकाला काळा. ही आईसारखी राखाडी निघाली. रानसशाचा रंगही असाच बनलेला असतो. काळ्या पिल्लाच्या केसावर असे पट्टे नाहीत.

दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडले. गुलाबी पिल्लांचे डोळे लालसर निघाले आणि त्यांचे अंग पांढरेशुभ्र झाले. सर्वांना वाटले, ही तीन "पांढरी". परंतु चौथ्या आठवड्यात त्यांचे नाक काजळल्यासारखे दिसू लागले. नंतर कान, पाय व शेपटी काळवंडू लागली. अगदी बापासारखी! न्यूझीलंड व्हाइट जातीचे ससे जन्मभर पांढरे राहतात, पण जन्मावेळी त्यांची पिल्ले आणि आपली ही पिल्ले एकसारखीच दिसतात. फरक महिन्याने कळतो.

याचे कारण मोठे मजेदार आहे. केसांतील काळे रंगद्रव्य बनवायला शरीरातील एक विकर लागते. या सशांतील ते विकर उष्णतेत काम करीत नाही. अंग उबदार असते, म्हणून तेथे केस पांढरे येतात. कान, नाक, पाय व शेपटी तुलनेने गार असतात, म्हणून तेथे काळे येतात. सयामी मांजराचा रंगही असाच पडतो. हिवाळ्यात हे काळे भाग अधिक गडद होतात. पिल्लांना घरट्यात गारठा लागला तर अंगावरही करडी झाक येते व पुढे केस गळून नवे आले की ती जाते. शास्त्रज्ञांनी अशा सशाच्या पाठीचे केस काढून तो भाग गार ठेवला, तेव्हा तेथे काळे केस उगवले. हा प्रयोग पुस्तकात वाचण्यापुरताच. आपल्या सशांवर कोणी करू नये.

उलट प्रकारही आहे. सिल्व्हर जातीची पिल्ले काळीभोर जन्मतात आणि काही आठवड्यांनी त्यांत रुपेरी केस येऊ लागतात. पूर्ण रुपेरी व्हायला काही महिने लागतात.

राखाडी आईला काळे पिल्लू कसे?

कक्षा 10 वीच्या विद्यार्थ्यांनी येथे मेंडेलचा पाठ आठवावा. मेंडेलने वाटाण्यावरील आपला निबंध 1866 मध्ये प्रसिद्ध केला, पण जगाला त्याचे महत्त्व 1900 मध्ये कळले. 1905 मध्ये अमेरिकेतील विल्यम कॅसल यांनी गिनीपिग व सशांच्या रंगांवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. प्रत्येक पिल्लाला एक जनुक आईकडून व एक बापाकडून मिळते. राखाडी रंग काळ्यावर प्रभावी आहे आणि पूर्ण रंग हा बापाच्या पांढऱ्या-काळ्या रंगावर प्रभावी आहे. आईत काळा व पांढरा-काळा असे दोन्ही गुण झाकलेले होते, म्हणूनच तिला तीन तऱ्हेची पिल्ले झाली. एकाच घरातील भावंडे रंगाने वेगळी असतात, यात नवल काही नाही, आणि कमी-जास्त तर मुळीच नाही. आपल्या घरांत बाळ जन्मले की पहिला प्रश्न रंगाचा विचारला जातो. तो प्रश्न मुलांच्या कानांवर पडतो, याचा विचार मोठ्यांनी करावा, ही माझी नम्र विनंती.

पिल्ले घरी नेण्याविषयी

1. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू दिले जाणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्ले गवत खाऊ लागतात, तरी आईचे दूध त्यांना लागतेच. बाजारात फार लहान पिल्ले विकायला येतात. ती घेणे टाळावे.

2. रंगानुसार मागणी स्वीकारली जाणार नाही. लेखी संमती देणाऱ्या पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून पिल्ले दिली जातील.

3. चांगली निगा राखली तर ससा आठ-दहा वर्षे जगतो. इंदूरच्या मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि सशाला असे ऊन सोसत नाही. सावली, वारा व गार पाण्याची सोय असेल तरच नाव द्यावे.

4. नर व मादी चार महिन्यांच्या आत वेगळे करावेत. व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून शाळेतही बापाचा पिंजरा आता वेगळा केला आहे.

विश्वस्त मंडळींना विनंती, की उन्हाळ्यापूर्वी पिंजऱ्यावर जाड छप्पर व वाळ्याचे पडदे यांची सोय व्हावी. विद्यार्थ्यांची निरीक्षण-वही प्रयोगशाळेत ठेवली आहे. त्यात सहाही पिल्लांचे रोजचे वजन व दर आठवड्याचा रंग लिहिलेला आहे. पालकांनी ती अवश्य पाहावी.

आपला,
प्राचार्य