भांडुपच्या खाडीतला जिताडा

थंड, नितळ ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ट्राउट मासा पकडणारे गोरे साहेब आपण चित्रांत पाहिलेले असतात. हा मासा मुळात आपल्याकडचा नाही. 1900 साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून तो काश्मीरच्या ओढ्यांत वाढला. त्याला गार आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. भांडुपच्या उकाड्यात तो तग धरणार नाही. परंतु त्याला पकडण्याच्या विद्येचा आपल्या खाडीशी जवळचा संबंध आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या गळाला गांडूळ लावत नाहीत. बारीक आकड्यावर पिसे, केस व दोरा गुंडाळून माशीचे सोंग बनवतात. त्या माशीला वजन नसते, म्हणून दोरी जाड व जड ठेवतात आणि काठी मागेपुढे झुलवून ती दोरीच लांब फेकतात. पण हात कितीही सफाईदार असला तरी मासा कोठे उभा आहे, हे ओळखता आले पाहिजे. ट्राउट दगडाच्या आडोशाला प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणारा किडा झटकन उचलतो. श्रम थोडे, खाणे जास्त, हा त्याचा हिशेब.

आता वाचकहो, पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडून पंपिंग स्टेशनच्या पलीकडे चला. मिठागरे, मग तिवरे, मग चिखल आणि ठाण्याची खाडी. येथे जिताडा अगदी तोच हिशेब मांडतो. ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांमधले पाणी चरांवाटे उतरू लागते आणि त्याबरोबर कोळंबी व बोईटाची पिल्ले येतात. चराच्या तोंडाशी जिताडा दबा धरून असतो. जबडा उघडून तो पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, तेव्हा मोठा आवाज होतो. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी म्हणून ओळखला जातो आणि तेथे पिसांची खोटी कोळंबी दाखवून त्याला गळाला लावतात. आपला कोळी बांधव उधाण आणि भांग पाहून असे चर ओळखतो. त्यावर त्याची चूल पेटते, म्हणून त्याच्या ज्ञानाला कोणी कला म्हणत नाही. साहेबाची हौस ती विद्या आणि कष्टकऱ्याचे पोट ते अडाणीपण, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

जिताड्याचे आयुष्य मोठे विलक्षण आहे. तो बहुधा नर म्हणून वाढतो. काही वर्षांनी, लांबी तीन फुटांच्या आसपास गेली की तोच मासा मादी होतो. अंडी घालायला ती खाडीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात जाते, लाखो अंडी सोडते आणि पिल्ले पुन्हा तिवरांच्या आश्रयाला येतात. म्हणजे बाजारात ज्याच्याभोवती गर्दी जमते, तो दहा-बारा किलोंचा जिताडा बहुतेक वेळा आई असते. अशा पाच-दहा आया गेल्या की पुढच्या अनेक हंगामांची पिल्ले गेली.

महाराष्ट्र शासनाने 2023 साली 54 जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवली, हे योग्यच झाले. परंतु नुसते लहानग्यांना सोडून जिताडा वाचणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात किनाऱ्यावरचा जिताडा 58 सेंटीमीटरहून लहान असला तरी सोडावा लागतो आणि 120 सेंटीमीटरहून मोठा असला तरीही. हा दुसरा नियम आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो. अर्थात तो नियम करताना कोळ्याच्या तोंडचा घास काढून घेऊ नये. मोठा मासा सोडणाऱ्याला त्याची किंमत मिळाली पाहिजे.

2015 साली ही खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 साली रामसर यादीत गेली. पक्ष्यांचे फोटो छापून आले, पाण्याखालच्या माशाची चौकशी कोणी केली नाही! शहराचे सांडपाणी आणि तिवरांवर पडणारा राडारोडा या दोघांचे शत्रू एकच.

सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन कोणी गळ टाकणार असेल, तर अभयारण्याची हद्द कोठे आहे हे आधी वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे विचारून घ्यावे. मासा सोडायचा असेल तर हात ओले करूनच त्याला धरावे. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग त्या जागी रोग धरतो.