सुटी कोणत्या गावची?

लेखमाला : मालक, कामगार आणि कायदा
लेखांक नववा

मागील लेखांकात आपण साप्ताहिक सुटीचा विचार केला आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अविश्रांत खटपटीला यश येऊन 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवार मोकळा देण्याचे कबूल केले, त्या घटनेपाशी येऊन थांबलो. रविवारचा हिशेब मालकाला सोपा जातो. कारण तो मुंबईत आला म्हणजे जालन्यातही येतो, आणि त्याच्यासाठी ना चंद्रदर्शनाची वाट पाहावी लागते ना जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाची. सणांची आणि उत्सवांची सुटी मात्र मुलखागणिक निराळी पडते, आणि ज्याचा धंदा दोन जिल्ह्यांत किंवा दोन राज्यांत पसरला आहे त्या मालकाच्या मुनिमाला वर्षातून अनेकदा अशा पेचात टाकते की, एका शाखेत काम चालू ठेवावे तर दुसऱ्या शाखेतील कामगार रुसतात, आणि दोन्हीकडे बंद ठेवावे तर माल सडतो.

माल सडण्याची गोष्ट मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या दिवसांत येथे मिरचीची आवक वाढते, परप्रांतांतील व्यापारी खरेदीसाठी उतरतात, आणि संध्याकाळी भरलेली मालमोटार रात्रीतून पुढच्या बाजाराच्या वाटेला लागते. तोडलेली मिरची पोत्यात फार काळ राहू शकत नाही. ज्या शहरी तिला जायचे तेथील बाजार त्या प्रांताच्या सणामुळे बंद असेल, तर त्या सणाचे नावही ज्याने ऐकलेले नाही अशा शेतकऱ्याला त्याची झळ येथे भावात लागते. सुट्यांच्या प्रादेशिक भेदाचा प्रश्न मोठ्या कंपन्यांच्या वातानुकूलित कचेऱ्यांपुरताच आहे, ही समजूत म्हणूनच टिकणारी नाही.

या मुलखाला तर हा भेद पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. निजामाच्या अमलात सरकारी कचेऱ्यांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असे, आणि दफ्तरातील तारखा फसली सनाप्रमाणे पडत. पूर्वेची सरहद्द ओलांडून इंग्रजी अमलाखालच्या वऱ्हाडात पाऊल टाकले की सुटी रविवारची आणि तारखा इसवी सनाच्या. काही कोसांच्या अंतरावर आठवड्याचा मोकळा दिवस पालटत असे, आणि दोन्हीकडे देणेघेणे असलेला सावकार दोन्ही दिवस ध्यानात ठेवून आपला तगादा लावीत असे. सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईनंतर संस्थानाची ती व्यवस्था लयास गेली, 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला, आणि रविवार सर्वांचा झाला. परंतु सणवार आणि स्मृतिदिन ज्याचे त्याच्याच मुलखाचे राहिले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पहिला थर सरकारच्या वार्षिक यादीचा. ही यादी 1881 च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या 25 व्या कलमान्वये निघते. त्या कलमाचा मूळ हेतू कामगाराला विश्रांती देण्याचा नसून हुंडीची व वचनचिठ्ठीची मुदत ठरविण्याचा आहे. मुदत भरण्याचा दिवस सार्वजनिक सुटीचा निघाला तर ती रक्कम लगतच्या आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय ठरते, एवढेच ते सांगते. अशी सार्वजनिक सुटी जाहीर करण्याचा केंद्राकडील अधिकार 1968 च्या अधिसूचनेने राज्याकडे सोपविलेला आहे. या यादीत सुमारे दोन डझन दिवस असतात, आणि सरकारी कचेऱ्या व बँका त्याप्रमाणे बंद राहतात. पण यादीतील प्रत्येक दिवस खासगी मालकाने पगारी सुटी म्हणून दिलाच पाहिजे असा तिचा अर्थ होत नाही. कामगार आणि मालक या दोघांचीही सर्वाधिक गल्लत येथेच होते.

दुसरा थर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्यांचा. 1958 च्या शासननिर्णयान्वये जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या जिल्ह्यापुरत्या वर्षाला तीन सुट्या जाहीर करता येतात. तो हुकूम हाती आला तर पहिल्या परिच्छेदावर न थांबता शेवटपर्यंत वाचावा. कारण दिवाणी व फौजदारी न्यायालये, केंद्र शासनाची कार्यालये आणि बँका यांस हा आदेश लागू राहणार नाही, अशा आशयाचे वाक्य त्याच्या अखेरीस असते. म्हणजे त्या दिवशी तहसील बंद असते आणि तिच्या समोरची बँक उघडी असते.

तिसरा थर खासगी आस्थापनांचा, आणि आपल्या विषयाचे मर्म त्यातच आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 हा मुळात दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी केला गेला. त्याच्या 18 व्या कलमात वर्षाला आठ पगारी सुट्या सांगितल्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर हे चार दिवस कायद्यानेच नेमून दिले आहेत. उरलेले चार मालक व कामगार यांनी, धंद्याचे स्वरूप ध्यानी घेऊन, वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवावयाचे आहेत. माझ्या मते या कलमातील सर्वांत शहाणपणाची तरतूद हीच. निम्मी यादी राष्ट्राची व राज्याची, निम्मी मुलखाची. आणि मुलखाची यादी कोणी करावी, तर तेथे प्रत्यक्ष राबणाऱ्यांनी व त्यांना राबविणाऱ्यांनी समोरासमोर बसून. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी हे चार दिवस मुख्य कचेरीत बसलेला कोणी एक अंमलदार ठरवितो, आणि तो पुण्याचा असला म्हणजे पुण्याचे सण जालन्यास लागू होतात.

त्याचा परिणाम पोळ्याच्या दिवशी पाहावा. मराठवाड्यात श्रावण अमावास्येला पोळा असतो. कोल्हापूर-सांगलीकडे बैलांचा सण बेंदूर म्हणून आषाढात होतो, आणि सीमेलगतच्या काही गावांत कर्नाटकी बेंदूर त्याहीपूर्वी, ज्येष्ठ पौर्णिमेस. राज्याच्या सर्वसाधारण यादीत पोळा नाही. पिंपळगावच्या एखाद्या अडत दुकानाची त्या दिवशीची स्थिती अशी कल्पावी : मुनीम हजर आहे, काटा उभा आहे, परप्रांतीय व्यापाऱ्याचा दूरध्वनी तिसऱ्यांदा खणखणतो आहे, आणि पोती उचलण्यास मात्र माणूस नाही, कारण हमालांपैकी निम्म्यांच्या घरी बैल आहेत आणि उरलेल्यांना भाऊबंदांच्या दारी पुरणपोळीस जावयाचे आहे. माल आणणारा शेतकरीही त्या दिवशी शिंगांना हिंगूळ लावण्यात गुंतलेला. मुख्य कचेरीच्या तक्त्यात हा दिवस कामाचा म्हणून छापलेला आहे आणि प्रत्यक्षात तो सुटीचा आहे. अशा वेळी हजेरीपटावर गैरहजेरीच्या रेघा ओढून रोज कापणे म्हणजे हातच्या माणसांशी फुकटचे वैर घेणे होय. हा दिवस चार दिवसांच्या करारात आधीच घातला असता, व्यापाऱ्यास पंधरा दिवस अगोदर कळविले असते, तर कोणाचेच बिघडले नसते.

येथे एक कटू गोष्टही नमूद केली पाहिजे. पगारी सुटीचा लाभ ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्यालाच मिळतो. पोत्यामागे हमाली घेणाऱ्याची सुटी म्हणजे बुडालेली मजुरीच. चार दिवस ठरविण्याच्या बैठकीत मुनीम, कारकून आणि चालक यांच्याबरोबर हमालांच्या टोळीचा मुकादमही बसविला पाहिजे. त्यांच्या सुटीची भरपाई कायद्याने येत नसेल, तर ती मालकाच्या सदसद्विवेकाने आणि कराराने यावी.

याहून अवघड प्रकार दोन दिवस एकमेकांवर येऊन पडतात तेव्हाचा. 2024 साली अनंत चतुर्दशी 17 सप्टेंबरला आली, आणि ईद-ए-मिलादची सुटी यादीप्रमाणे आदल्या दिवशी, सोमवारी होती. दोन्ही मिरवणुका सुरळीत पार पडाव्यात म्हणून सरकारने मुंबई शहर व उपनगर या जिल्ह्यांपुरती ती सुटी बुधवारी, 18 तारखेस नेली आणि इतर जिल्ह्यांतील निर्णय तेथील जिल्हाधिकाऱ्यांवर सोपविला. पुढच्याच वर्षी मुंबईत पुन्हा तसेच झाले. 5 सप्टेंबरची सुटी 8 तारखेस गेली. एकाच राज्यात एकाच सणाची सुटी दोन निराळ्या दिवशी! त्यातच 17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस. त्या दिवशी येथे ध्वजारोहण होते, हुतात्म्यांचे स्मरण होते, आणि पश्चिम महाराष्ट्रातील कचेरीला तो इतर दिवसांसारखाच एक दिवस वाटतो. ज्या मालकाने डिसेंबरात छापलेला तक्ता ब्रह्मवाक्य मानला त्याची त्या आठवड्यात त्रेधा उडाली असल्यास नवल नाही.

राज्याची सीमा ओलांडली की भावनेचा प्रश्न अधिकच नाजूक होतो. 1 नोव्हेंबर हा कर्नाटकाचा राज्योत्सव. तेथील औद्योगिक आस्थापनांना तो दिवस कायद्यानेच सुटीचा आहे. बेळगावात मात्र तोच दिवस मराठी भाषकांपैकी अनेकजण काळा दिन म्हणून पाळतात. सुटी दोघांनाही एकच, पण एक तोरण बांधतो आणि दुसरा निषेधाच्या फेरीत चालतो. तेथे शाखा असलेल्या मालकाने सुटी बिनबोभाट द्यावी आणि ती कामगाराने कशी घालवावी याविषयी मौन पाळावे, यातच शहाणपणा आहे. गोव्यात 19 डिसेंबर हा मुक्तिदिन, गुजरातेत 14 जानेवारीची उत्तरायणाची सुटी. आपल्याकडे मात्र संक्रांत यादीत नाही.

मतदानाच्या दिवसाचा नियम तर अगदी लगतच्या गावांतही निराळा पडतो. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या 135-ब कलमाप्रमाणे मतदारास त्याच्या मतदानाच्या दिवशी पगारी सुटी द्यावी लागते, आणि हा हक्क रोजंदारीवरच्या माणसालाही आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचे मतदान 13 मे रोजी झाले. शेजारच्या बुलढाण्याचे 26 एप्रिल रोजीच उरकले होते. पिंपळगावात दुकान आणि बुलढाणा जिल्ह्यातील धाड या गावी गोदाम असलेल्या व्यापाऱ्याला ही सुटी दोन टप्प्यांत द्यावी लागणार, हे उघड आहे. येथे विचारावयाचे ते त्या माणसाचे नाव कोणत्या मतदारयादीत आहे एवढेच.

या सगळ्यांतून मालकाने व्यवहारासाठी काय घ्यावे? पहिले सूत्र असे की, सुटी कामाच्या जागेची धरावी. मुख्य कचेरी कोठे आहे हे त्यात गौण आहे. दुसरे, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक शाखेत कामगारांसह बसून उरलेले चार दिवस ठरवावेत, ते कागदावर उतरवून दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात, आणि तो तक्ता सर्वांना दिसेल अशा जागी लावावा. तिसरे, चंद्रदर्शनावर किंवा सरकारी फेरबदलावर अवलंबून असलेल्या दिवसापुढे ‘शासनाच्या अंतिम अधिसूचनेप्रमाणे’ हे शब्द न विसरता लिहावेत.

चौथे सूत्र परप्रांतीय कामगारांविषयी. जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांत बिहार व उत्तर प्रदेशातून आलेले पुष्कळ लोक आहेत. त्यांना दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणारी छठपूजा लक्ष्मीपूजनाइतकीच, कित्येकांना त्याहून अधिक महत्त्वाची. भट्टी तर अखंड पेटती ठेवावी लागते. तेथे स्थानिक कामगारांनी छठला आणि परप्रांतीयांनी पोळ्याला पाळी सांभाळावी, असा अदलाबदलीचा करार दोघांनाही मानवतो. पाचवे, एक शाखा बंद असेल तेव्हा तिचे तातडीचे काम कोणती शाखा पाहील हे नाव घालून लिहून ठेवावे. पगाराच्या तारखेची अडचण मात्र आता उरलेली नाही. बँकांमधील रकमेचे हस्तांतरण डिसेंबर 2019 पासून टप्प्याटप्प्याने अहोरात्र सुरू झाल्याने, सुटी आली म्हणून पगार लांबला ही सबब यापुढे कोणी मान्य करू नये.

सर्वांना एकच तक्ता लावणे हे समतेचे लक्षण आहे असे काही व्यवस्थापक मानतात. तसे ते नाही. ज्या तक्त्यात एका मुलखाचे सगळे सण बसतात आणि दुसऱ्याचा एकही बसत नाही, तो सर्वांना सारखा लावला तरी अन्यायाचाच राहतो. दिवसांची संख्या सर्वांना सारखी असावी आणि दिवस ज्याचे त्याने निवडावेत, ही खरी समता. कायद्याने मोकळे ठेवलेले चार दिवस तिच्यासाठीच आहेत. ते कामगारांना विचारून भरणे हे मालकाचे औदार्य नसून त्याचे कर्तव्य आहे.

ठरलेल्या सुटीच्या दिवशी कामावर बोलावल्यास मजुरीचा आणि बदली रजेचा हिशेब कसा करावा, हे पुढील लेखांकात पाहू.